बधिर पायांसाठी एमसीआर चप्पल: घेताना काय पाहावं

कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, हा समज खोडून काढणाऱ्यांत डॉ. पॉल ब्रँड अग्रणी होते. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले. रोग मांस खात नाही, तो नसा मारतो, हे त्यांनी दाखवून दिलं. दुखणं कळेनासं झालं की खिळा रुतला तरी माणूस चालत राहतो. तिथे जखम होते आणि ती हाडापर्यंत जाते. एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावर एकत्र दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांच्या, गोळ्यांनी जंतू मरतात, पण बराच काळ गेलेली संवेदना सहसा परतत नाही. म्हणून औषध संपल्यावरही पाय जपावाच लागतो. ख्रिस्ती मिशनच्या कुष्ठरोग रुग्णालयांत या कामासाठी जी चप्पल रूढ झाली, ती ही एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबरची.

रचना साधी आहे. पायाला लागतो तो मऊ एमसीआरचा थर, साधारण १० ते १२ मिलीमीटरचा. खाली टणक रबराचा तळ. बाभळीचा काटा, काच, गरम डांबर यांना अडवतो तो हाच. नुसत्या मऊ थरातून काटा सहज आरपार जातो. वर रुंद, सैल-घट्ट करता येणारे पट्टे आणि टाचेमागे एक पट्टा. टाचेचा पट्टा नसेल तर बधिर पायातून चप्पल निसटते आणि निसटल्याचं कळतही नाही. अंगठ्याजवळ खुंटी असलेली हवाई चप्पल याचसाठी नको: ती पकडायला बोटं आवळावी लागतात आणि फटीत घासून फोड येतो. पट्टे वेल्क्रोचे मागावेत. वाकड्या बोटांना बकल लावणं जमत नाही.

खरं एमसीआर ओळखायचं असेल तर थर अंगठा आणि तर्जनीत दाबा. तो साधारण निम्मा दबला पाहिजे आणि सोडताच पूर्ववत झाला पाहिजे. बाजारात ‘मधुमेहींसाठी’ म्हणून मिळणारा कितीतरी स्पंज दबतो आणि दबलेलाच राहतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनीही हीच परीक्षा करावी. मग चप्पल उलटी करून बघा: जोड शिवून आणि चिकटवून केलेले हवेत. एकही खिळा दिसला तर घेऊ नका. तळ झिजला की तोच खिळा वर येतो.

माप संध्याकाळी, उभं राहून, कागदावर पावलाची रेघ ओढून घ्यावं. नवी जोडी पहिल्या दिवशी तास-दोन तासच वापरायची आणि काढल्यावर पाय तपासायचे. लाल डाग अर्ध्या तासातही गेला नाही, तर पट्टा किंवा तळ दुरुस्त करून घ्यायचा. पाय बघायचे रोज. पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचे, खरखरीत दगडाने घट्टे हलके घासायचे, आणि ओलसर असतानाच तेल लावायचं. गरम पाणी अजिबात नको, चटका कळत नाही.

चप्पलच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तळव्यावर जखम उघडी असेल तर ही चप्पल ती भरून काढत नाही. त्या पायाला विश्रांती आणि ड्रेसिंगच हवं. पाऊल वाकडं झालं असेल, तर सपाट थर पुरत नाही, साच्यावर घडवलेला तळ लागतो. रोजच्या चालण्याने थर टाचेखाली आणि अंगठ्याच्या बुडाशी आधी बसतो. तो बसला की जोडी बदलायची, वरून नवी दिसत असली तरी. सगळ्यात मोठा दोष रूपाचा होता. एकाच ठरावीक घडणीची चप्पल दुरूनच ‘हा कुष्ठरोगी’ असं सांगायची आणि लोक ती घराबाहेर घालायचेच नाहीत. बाजारातल्या सँडलसारखी बनवून देणारं केंद्र निवडा. हा शौक नाही, वापराचा प्रश्न आहे.

जोडी कुठून घ्यायची? सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून ती मोफत मिळते. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा इथे लेप्रसी मिशन या संस्थेचं रुग्णालय आहे. कुठूनही घ्या, पण खोक्यातून नंबर काढून हातात ठेवणारी सेवा अपुरी समजा. बायबलमधल्या योहान १३ मध्ये येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा म्हणतो. चांगल्या केंद्रात मोची रुग्णाच्या पायाशी बसतो, तळव्यावर हात फिरवून घट्टे शोधतो, पट्ट्याखाली बोट घालून सैलपणा बघतो आणि दोन आठवड्यांनी तीच जोडी घेऊन पुन्हा यायला सांगतो.