बंदराचे जुने फोटो स्कॅन करून घेतले: स्कॅन एक नंबर, पण रंगाच्या नादाला लागू नका

दुकानाचं नाव मुद्दाम लिहित नाही. खाली तक्रारपण आहे आणि दुकानवाले काका ओळखीतले आहेत, उगाच कशाला. आमच्या रत्नागिरीच्या बाजारपेठेत एका बोळात आत गेलं की हा जुना फोटो स्टुडिओ आहे, बाहेर अजून पासपोर्ट फोटोची पाटी, पण आता मुख्य धंदा लग्नाचे अल्बम आणि जुने फोटो स्कॅन करून साफ करून देणं हा आहे. मी ४३ फोटो आणि एक फ्रेम दिली होती, दोन महिने झाले, आता सगळं हातात आलंय म्हणून लिहितोय, कारण मी शोधत होतो तेव्हा कुणी धड काही सांगितलं नव्हतं.

फोटो आले कुठून, तर आजोबा बोटीच्या बुकिंग एजंटकडे कारकून होते, मांडवीला, म्हणजे रत्नागिरीच्या जुन्या बंदरावर, आणि त्यांच्या मोठ्या भावाकडे एक बॉक्स कॅमेरा होता. त्या माणसाला घरातल्यांचे फोटो काढायचा भारी कंटाळा असावा कारण आख्ख्या अल्बममध्ये आजीचा एकच फोटो आहे आणि बंदराचे तीसेक. पडाव (किनाऱ्यावरून बोटीपर्यंत माणसं-सामान नेणाऱ्या होड्या), गलबतं, हमाल, आंब्याच्या पेट्या, परत पडाव. काळ्या कागदाचा अल्बम, त्रिकोणी कोपऱ्यांत अडकवलेले छोटे छोटे फोटो, नक्षीदार कातरलेल्या कडांचे, काहींच्या मागे पेन्सिलनं साल लिहिलंय, १९५४ पासून १९६८ पर्यंत. हा अल्बम आत्याकडे माळ्यावर होता आणि कोकणातला माळा म्हणजे काय ते सांगायला नको, चार महिने पाऊस, भिंतींना ओल, फोटोंवर बुरशीचे ठिपके आलेले आणि काळोख्या भागावर ती चंदेरी झाक चढलेली, तिरपं धरलं की आरशासारखं चमकतं. फ्रेममधला मोठा फोटो तर काचेला चिकटून बसला होता.

इथे काकांना पहिला मार्क. मी म्हटलं काच काढून द्या, तर म्हणाले, "अजिबात हात लावू नकोस, ओढलास तर आजोबांचा चेहरा काचेवर राहील आणि कागद तुझ्या हातात येईल." त्यांनी काचेसकटच फोटो घेतला, दोन बाजूंनी दिवे लावून, लेन्सवर फिल्टर लावून चमक मारली आणि खरंच काचेचा पत्ता लागत नाही. याआधी मी दुसऱ्या एकाकडे गेलो होतो तिथल्या मुलानं ओल्या कपड्यानं फोटो पुसायला घेतला होता, मी उचलून परत आणला. इथे नुसता मऊ ब्रश आणि हवेचा फुगा, बास. अल्बममधून फोटो काढतानापण प्रत्येकाच्या मागे काय लिहिलंय ते वेगळं स्कॅन केलं, हे मी सांगितलंही नव्हतं.

रेट सांगतो. साधा स्कॅन फोटोमागे ४० रुपये, डाग काढून साफ करायचे १५०, आणि रंगीत करून हवा असेल तर ३००. स्कॅन १२०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला बाराशे ठिपके) करा म्हणून हट्ट धरा, फोटो छोटे असतील तर धराच. ते सवयीनं ३०० ला करतात, तेवढ्यात तसाच परत छापायला पुरतो पण मोठा करून बघायचा असेल तर काही उपयोग नाही. आणि जेपेगबरोबर टिफ फाइलपण मागून घ्या, जागा जास्त खाते पण नंतर कितीही वेळा उघडून काम केलं तरी खराब होत नाही.

आता खरी गंमत. एवढासा फोटो, पत्त्याच्या पानापेक्षा लहान, आयुष्यभर आम्ही त्याला "तो बंदराचा फोटो" म्हणत आलो. लॅपटॉपवर मोठा केला तर त्यात बाजारच भरलेला. मांडवीच्या धक्क्यावर पेट्यांची चळत, पेट्यांच्या फटीतून बाहेर आलेला पेंढा दिसतो, वळकटीवर बसलेली एक बाई, तिच्या मांडीवर पोर, पोराच्या हातात काहीतरी खाऊ. एक हमाल डोक्यावर ट्रंक घेऊन अर्धा वळलाय. बाजूला मंगलोरी कौलांची थप्पी, ती तेव्हा गलबतांनीच यायची. लांब पाण्यात बोट उभी, धूर सोडतेय, आणि तिच्याकडे निघालेला भरगच्च पडाव. आणि मागे रत्नदुर्गाचा डोंगर. मी सगळे ४३ फोटो असे बघितले रात्री दीडपर्यंत, आणि एक गोष्ट डोक्यात बसली ती म्हणजे एकाही फोटोत कुणी समुद्र बघत बसलेलं नाही. एकही माणूस नाही. जो तो सामान बघतोय, पोरं मोजतोय, नाहीतर पडाववाल्याशी हुज्जत घालतोय. समुद्र म्हणजे त्यांचा एसटी स्टँड होता हो, एसटी स्टँडवर जाऊन कोण स्टँड न्याहाळत बसतं?

आत्याला प्रिंट दाखवले तर ती सुरूच झाली. बोट धक्क्याला लागायचीच नाही, पाणी उथळ, ती लांब नांगर टाकून उभी राहायची आणि पडावातून जाऊन शिडीनं वर चढायचं, ओहोटी असली तर खलाशी पोराटोरांना खांद्यावर घेऊन पडावापर्यंत न्यायचे. पडाव वरखाली होत असायचा, शिडी जागेवर, बरोबर वेळ साधून पाय टाकायचा, आजी म्हणे दर वेळी डोळे मिटून चढायची. रोहिदास, कोकणसेवक ही बोटींची नावं ती शेजारणींची नावं घ्यावी तशी घेते. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, हे तिचं पाठ आहे, शाळेतल्या कवितेसारखं. पावसाळ्यात सगळं बंद. आणि रामदास बोटीचं नाव निघालं की आवाज खाली जातो, १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आमच्या घरातलं कुणी नव्हतं पण पणजीनं म्हणे त्यानंतर बोटीत पाय ठेवला नाही. तसं बघितलं तर १८८६ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इथे आणून ठेवला तोसुद्धा बोटीनंच, रत्नागिरीत जो कोण यायचा तो समुद्रातूनच.

तर मग तक्रार. स्कॅन बघून मी इतका खुश झालो की पाच फोटो रंगीत करायला दिले, तिथेच चुकलो. हे काम काका स्वतः करत नाहीत, त्यांचा भाचा सॉफ्टवेअरला देतो आणि सॉफ्टवेअर त्याच्या मनाला येईल ते करतं. मांडवीची वाळू काळी आहे! इथलं शेंबडं पोरपण सांगेल, पांढरा समुद्र पलीकडे आणि काळा समुद्र इकडे, आणि मला जो फोटो आला त्यात वाळू अशी सोनेरी पिवळी की कुठल्यातरी रिसॉर्टची जाहिरात वाटावी. पाणी निळंशार. मागची गवतानं शाकारलेली घरं होती त्यांना लालभडक कौलांचा रंग. तेही एक वेळ चाललं असतं, पण एका फत्तेमारीच्या (शिडाच्या गलबताच्या) डोलकाठीच्या दोऱ्या स्क्रॅच समजून पुसून टाकल्या, शीड हवेत लटकतंय नुसतं. आणि ती वळकटीवरची बाई, तिचा चेहरा मूळ फोटोत जरा हललेला आहे, पुसट आहे, तो "शार्प" करताना तिला टीव्ही सिरियलमधल्या सुनेचं नाक आणि ओठ दिले. आजोबांना तर दात आले. आमच्या आजोबांचे पुढचे दोन दात चाळिशीतच पडले होते आणि फोटोत ते तोंड मिटूनच उभे असायचे. इथे हसतायत, बत्तिशी दाखवून. आत्यानं फोटो हातात घेतला आणि विचारलं, "हे कोण रे?"

भाच्याला सांगितलं तर तो म्हणतो "सर सगळ्यांना असंच आवडतं". असेल बाबा. काकांना दाखवलं तेव्हा ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग दोऱ्या त्यांनी स्वतः माऊसनं बसून परत काढून दिल्या, मूळ स्कॅनवरून, साध्या काळ्यापांढऱ्यात. रंगाचे पैसे परत दिले नाहीत पण त्याच पैशात तीन मोठे प्रिंट काढून दिले, मॅट कागदावर. मी म्हटलं ठीक आहे.

ते प्रिंट घेऊन एका रविवारी सकाळी मांडवीला गेलो, म्हटलं त्याच जागी उभं राहून फोटो काढू. जागा सापडेना. धक्का आहे, पण आता पुढे गेटवे ऑफ रत्नागिरीची कमान, बाकडी, भेळवाल्यांच्या गाड्या, गाडीवर शहाळी. शेवटी रत्नदुर्गाचा डोंगर आणि दीपगृह यांच्यावरून अंदाज घेतला, तेवढंच काय ते जागचं हललेलं नाही. जिथे पेट्यांची चळत होती साधारण तिथे एक जोडपं कणीस खात समुद्र बघत बसलं होतं. बोटी बंद पडल्या, आंबा ट्रकनं वाशीला जायला लागला, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि स्टेशन गावाबाहेर चढावर, हायवे हातखंब्याला. आता बाहेरून येणारा माणूस मागल्या दारानं गावात शिरतो आणि मांडवी बघायला शेवटी, संध्याकाळी, वेळ उरला तर.

बंदरावरचं काम बघायचं असेल तर मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात जायचं, तिथे आहे की ती जुन्या फोटोतली घाई, बर्फाचे ट्रक, क्रेट, शिव्या, ट्रॉलर एकाला एक चिकटून. जून-जुलै बंदीत ते सगळे नांगरून असतात तेव्हा गेलात तर पाणीच दिसत नाही. एका जुन्या फोटोत तीच बाजू आहे आणि तिथे फक्त आठ-दहा होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत घातलेली, एक कुत्रा. दुसरा एक फोटो थिबा राजवाड्याच्या बाजूनं टेकडीवरून काढलेला, खाली भाट्याची खाडी, पूल नाही, माणसं भरून तरीची एक होडी चाललीय. हा मी मोठा करून हॉलमध्ये लावलाय, रोज भाट्याच्या पुलावरून स्कूटरनं जातो ना.

मिऱ्याच्या किनाऱ्याचापण एक आहे, १९५९ चा, आणि तो बघून जरा वाईटच वाटलं. माडांच्या पुढे लांब वाळूचा पट्टा, पोरं खेळतायत. आता मिऱ्या म्हटलं की बंधारा, दर पावसाळ्यात कुठे ना कुठे ढासळणारा, दगड टाका, परत टाका, आता टेट्रापॉड, ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात ते बसरा स्टार जहाज तिथे येऊन अडकलं तेव्हाचा माझा मोबाईलवरचा फोटो आहे, तो मी या फोटोशेजारी प्रिंट करून घेतला. काका बघून म्हणाले, "तुझ्या आजोबांच्या वेळेला बोट लांब उभी राहायची आणि माणसं जायची तिच्याकडे. आता बोटच आली घरापर्यंत."

बाकी किरकोळ. वेळ पाळत नाहीत, पंधरा दिवस म्हणाले आणि पाच आठवडे लागले, मध्ये लग्नसराई होती हे मान्य पण एक फोन करायला काय जातं. फाइलींना नावं नुसती आकड्यांची देतात, कुठल्या फोटोच्या मागे काय लिहिलं होतं ते जुळवायला माझे दोन दिवस गेले, देतानाच प्रत्येक फोटोच्या कोपऱ्याशी नाही तर पाकिटावर नंबर टाकून द्या, फोटोवर पेननं लिहू नका. व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाले तर नाही म्हणा, तिथे फोटो दाबून बारीक होतो, पेन ड्राइव्ह घेऊन जा. घरी आणल्यावर मूळ फोटो त्या चिकट पानांच्या, प्लास्टिक लावलेल्या अल्बममध्ये अजिबात घालू नका, आमच्या बाबांच्या लग्नाचे सगळे फोटो त्यातच गेले. यूपीआय चालतं. दुपारी एक ते चार बंद.

स्कॅनला पाचपैकी पाच, साफ करण्याला चार, रंगाला शून्य. भाच्याच्या हाताला काही लागू देऊ नका, काकांनाच सांगा तुम्ही स्वतः करा म्हणून.

आत्याकडे आता अजून एक पत्र्याचा डबा निघालाय, निगेटिव्हचा, गुंडाळ्या झालेल्या, त्यात काय आहे कुणालाच माहीत नाही. घेऊन गेलो होतो परवा. काकांनी झाकण उघडून वास घेतला, परत लावलं आणि म्हणाले, पावसाळा संपू दे, नवरात्रात ये, या हवेत मी त्या उलगडणार नाही.