नागपूरचा तिबेटी स्वेटर बाजार: गोठणगावच्या ताईंचं दुकान

बावीस वर्षं मी शिवणक्लास चालवला. कपडा हातात आला की आधी उलटा करून बघायचा, ही सवय तेव्हापासूनची. थंडी सुरू झाली की नागपुरात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार लागतो. त्यातल्या एका दुकानात मी चौदा वर्षांपासून जाते. दुकानाला नाव नाही, बांबू आणि ताडपत्रीच्या रांगेतला एक गाळा, नंबर दरवर्षी बदलतो. मालकीणबाई गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या, नॉरग्येलिंग या तिबेटी वसाहतीतल्या. माझ्याहून लहान आहेत, पण मी त्यांना ताईच म्हणते. त्या मला काकू म्हणतात.

यंदा तीन वस्तू घेतल्या. ह्यांच्यासाठी मरून रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर, ९५० रुपये. नातीसाठी टोपीचं जॅकेट, १,४०० रुपये. आणि कानटोपी, १५० रुपये. स्वेटर उलटा करून बघितला. खांद्याची जोड टाक्याला टाका धरून केलेली आहे, गळ्याची पट्टी दुहेरी आहे, काखेत ताणलं तरी वीण उघडत नाही. या भावात एवढं नीट काम मिळत नाही. जॅकेटची चेन मात्र जरा अडते. मागच्या वर्षी घेतलेल्या जॅकेटची चेन तर आठ दिवसांत तुटली होती. परत घेऊन गेले तर ताईंनी पावतीसुद्धा मागितली नाही, दुसरं काढून दिलं.

तिबेटी बाया हाताने विणतात म्हणून कोणी जाणार असेल, तर तसं नाही. माल मशीनचा, लुधियानाचा. हे लोक हंगामाआधी तिथून उधारीवर माल उचलतात आणि विकून झाला की पैसे फेडतात. ताई स्वतःच सांगतात, "काकू, यात लोकर कमी, ॲक्रेलिक जास्त. दमट जागी ठेवू नका." भाव एकच असतो. घासाघीस करून उपयोग नाही आणि करूही नये.

एक कळकळीचं सांगणं आहे. परवा माझ्यासमोर एका गिऱ्हाईकाने विचारलं, "ये चायना मार्केट कब तक है?" ताई काही बोलल्या नाहीत, हातातला स्वेटर घडी करत राहिल्या. मला फार लागलं ते. ज्या सत्तेमुळे यांचं घरदार, मठ, देश सुटला, तिचंच नाव आपण यांच्या दुकानाला द्यायचं?

त्यांच्या दुकानात मागच्या ताडपत्रीवर दोन फोटो असतात. एक दलाई लामांचा, त्याला पांढरा रेशमी खता, म्हणजे मान देण्यासाठी घालतात तो शेला, गुंडाळलेला. त्याच्या बाजूला एका लहान मुलाचा, लालबुंद गालांचा, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारा. चौदा वर्षं मी तो बघत होते आणि त्यांच्या घरातलं कोणी असेल असं धरून चालले होते. या डिसेंबरात नातीने जॅकेट घालून बघता बघता सरळ विचारलं, "मावशी, हा तुमचा मुलगा का?"

ताई म्हणाल्या, "नाही बाळा. हे आमचे पंचेन लामा. सहा वर्षांचे होते तेव्हा चीनने उचलून नेले. अजून दाखवले नाहीत."

गेधुन चोएक्यी न्यिमा. जन्म २५ एप्रिल १९८९. दलाई लामांनी १४ मे १९९५ रोजी त्याला पंचेन लामांचा, म्हणजे त्यांच्या खालोखालच्या मोठ्या धर्मगुरूंचा, अवतार म्हणून जाहीर केलं आणि तीन दिवसांनी, १७ मेला, तो आईवडिलांसकट नाहीसा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस चीन सरकारने आपल्या पसंतीचा दुसरा मुलगा त्या गादीवर बसवला. पुढे २०२० मध्ये सांगितलं की नेलेल्या त्या मुलाचं कॉलेज झालंय, नोकरी आहे, त्याला कोणी त्रास देऊ नये. पण कोणाला भेटू दिलं नाही. आज त्याने पस्तिशी ओलांडली असेल. जगाकडे त्याचा चेहरा आहे तो या एका फोटोतला, सहा वर्षांचा.

मुलाला कशाला न्यायचं, हा नातीचा पुढचा प्रश्न. परंपरेने दलाई लामांचा पुढचा अवतार ओळखण्यात पंचेन लामांचा शब्द मोठा असतो. म्हणजे तो मुलगा हातात असला की पुढचा दलाई लामाही हातात. देवधर्म न मानणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाच्या सरकारने २००७ साली नियमच केला की अवतारी लामा ठरवायला सरकारची मंजुरी लागेल. दलाई लामा जुलै २०२५ मध्ये नव्वद वर्षांचे झाले. ताईंच्या बोलण्यात ही काळजी सारखी येते, लोकरीच्या भावापेक्षाही जास्त.

ताईंचे आजोबा पूर्व तिबेटातल्या लिथांगकडचे. तिथल्या मोठ्या मठावर १९५६ साली चिनी विमानांनी बॉम्ब टाकले, मठात आसऱ्याला आलेली माणसं आत असताना. मग थामझिंग, म्हणजे गावासमोर उभं करून अपमान आणि मारहाण करणं. गावातल्याच माणसांना, शिष्यांना पुढे करून लामांना मारायला लावायचे. आजोबा हे सांगताना मारणाऱ्यांची नावं कधी घेत नसत, असं ताई म्हणाल्या. १९५९ नंतर ते भारतात आले, हिमालयात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, आणि १९७० नंतरच्या त्या वर्षांत इटियाडोह धरणाजवळच्या गोठणगावात जमीन मिळाली. बर्फातला माणूस विदर्भाच्या उन्हाळ्यात धान लावायला शिकला. आज ताई झाडीपट्टीची मराठी माझ्यापेक्षा चांगली बोलतात.

घरी येऊन मी पाल्देन ग्यात्सो या तिबेटी भिक्षूंबद्दल वाचलं. १९५९ मध्ये पकडलं, १९९२ मध्ये सोडलं. तेहतीस वर्षं. विजेचा दंडा तोंडात खुपसला, त्यात दात गेले. सुटल्यावर देश सोडताना त्यांनी छळाची तसलीच हत्यारं मिळवून बरोबर आणली आणि पुढे जगाला दाखवली. २०१८ मध्ये धरमशाळेत वारले. मला ते वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. मी शिवणाच्या क्लासात मुलींना कात्री कशी धरायची ते शिकवलं, आणि तिकडे कोणी दंडा दुसऱ्याच्या तोंडात कसा धरायचा ते शिकून नोकरी करत होतं.

दुसऱ्या खेपेला मी ताईंना फोटोबद्दल विचारलं. म्हणाल्या, "काकू, दलाई लामांचा हा फोटो तिकडे ल्हासात घरात सापडला तर पोलीस घेऊन जातात. इथे मी रस्त्यावर लावते." १९९६ साली मठांमधूनही हे फोटो काढायला लावले होते, गांदेन मठातल्या भिक्षूंनी विरोध केला तर गोळीबार झाला. हे सांगताना त्या एका बाईला लहान मापाचा स्वेटर काढून देत होत्या, हात थांबला नाही.

जायचं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जा. मुलांची मापं लवकर संपतात आणि लोसारसाठी, त्यांच्या नववर्षासाठी, ही मंडळी घरी परततात. जॅकेटची चेन दुकानातच चारदा वर-खाली करून बघा. रोख पैसे ठेवा, ताडपत्रीखाली नेटवर्क येत-जात असतं. १० डिसेंबरला सकाळी दुकान बंद दिसेल. १९८९ साली त्या दिवशी दलाई लामांना नोबेल मिळालं, मानवी हक्क दिनही तोच. बाजारातले सगळे मिळून प्रार्थना म्हणतात. दुपारी उघडतात, तोवर थांबा. आम्ही थांबलो होतो, त्यांनी आम्हालाही खारट लोण्याचा चहा दिला.