फक्त कमिशनवरची विमा एजन्सी: सही करण्याआधी कराराची पारख

जाहिरातीत ‘विमा सल्लागार हवेत’ असं लिहिलेलं असतं, मुलाखतही नोकरीसारखीच होते आणि शेवटी अभिनंदन करून हात मिळवतात. सही मात्र एजन्सीच्या करारावर घेतात. त्यात पगार नसतो, प्रवासभत्ता नसतो, रजा नसते. म्हणून महागडी वस्तू घेताना माणूस जशी ती उलटसुलट करून पाहतो, तशीच या कामाची पारख केलेली बरी. किंमतही मोजावीच लागते: किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि फोनमध्ये साठवलेली दोनशे नावं.

आमचे गुण पाचपैकी अडीच. चांगल्या कराराला साडेतीन देता येतील, वाईटाला अर्धासुद्धा नाही. पंचाईत अशी की दोन्ही करार वरवर वाचताना सारखेच वाटतात. फरक एकाच प्रश्नावर उघडा पडतो: मिळालेलं कमिशन नेमकं कधी तुमचं होतं?

पॉलिसी इश्यू झाली, खात्यात पैसे आले, म्हणजे कमाई झाली असं नवा एजंट धरून चालतो. आयुर्विम्यात बऱ्याच ठिकाणी ती नुसती उचल असते. दरमहा १,००० हप्त्याची पॉलिसी घ्या, चलन कोणतंही धरा. वर्षाचे झाले १२,०००. पहिल्या वर्षाचं कमिशन ५० टक्के, म्हणजे ६,०००. दर हप्त्याला ५०० असं न देता कंपनी नऊ महिन्यांची रक्कम एकदम देते: ४,५००. उरलेले १,५०० दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या हप्त्याला येतात. आता ग्राहकाने तीन हप्ते भरून पॉलिसी सोडून दिली. तुमची खरी कमाई १,५००. बाकीचे ३,००० कंपनी परत घेते. याला चार्जबॅक म्हणतात, काही ठिकाणी क्लॉबॅक.

हे पैसे सहसा रोख मागत नाहीत, पुढच्या कमिशनमधून वळते करतात. त्यामुळे धंदा चांगला झाला त्या महिन्याचं स्टेटमेंट उणे दिसू शकतं. महिन्याला अशा चार पॉलिसी होतात आणि चारांतली एक तिसऱ्या हप्त्यानंतर पडते असं धरा. चौथ्या महिन्यापासून १८,००० च्या उचलीतून दरमहा ३,००० जातात. दोन पडल्या तर ६,०००, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. पहिले तीन महिने यातलं काहीच दिसत नाही. नेमक्या त्याच तीन महिन्यांत सत्कार होतो, फलकावर नाव लागतं आणि माणूस जुनी नोकरी सोडतो. उणे शिल्लक करार सोडला तरी पाठ सोडत नाही. अमेरिकेत व्हेक्टर वन नावाची सेवा आहे. एजंटाकडे आधीच्या कंपनीची थकबाकी आहे का, हे नवी कंपनी त्याला घेण्याआधी तिथे तपासते.

वसुलीचा तक्ता सगळीकडे सारखा नसतो. ऑस्ट्रेलियाने २०१८ पासून तो नियमातच घातला: पॉलिसी पहिल्या वर्षात बंद पडली तर १०० टक्के कमिशन परत, दुसऱ्या वर्षात ६० टक्के. सोबत सुरुवातीच्या कमिशनची मर्यादाही उतरवत २०२० पासून ६० टक्क्यांवर आणली. अमेरिकेच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांत (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, खासगी कंपन्यांमार्फत दिलेला) ग्राहक पहिल्या तीन महिन्यांत बाहेर पडला, तर मोजके अपवाद सोडता सगळं कमिशन परत जातं. न्यूयॉर्क राज्यात आयुर्विम्याच्या पहिल्या वर्षाच्या कमिशनला ५५ टक्क्यांची मर्यादा आहे. नेदरलँड्सने २०१३ पासून आयुर्विम्यावरचं कमिशनच बंद केलं. तिथे ग्राहक सल्ल्याची फी मोजतो. भारतात २०२३ मध्ये प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवरची कमाल मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चाला मर्यादा घातली. त्यामुळे ‘आमच्याकडे जास्त टक्के’ या वाक्याला एकट्याने काही किंमत नाही. ७० टक्के कमिशन आणि दोन वर्षांची पूर्ण वसुली यापेक्षा ५० टक्के कमिशन आणि हप्त्यागणिक पैसे हा सौदा नवख्यासाठी कितीतरी बरा. उचल नको, जसा हप्ता येईल तसं कमिशन द्या, हा पर्याय अनेक करारांत असतो. तो आपणहून कोणी सांगत नाही, विचारावा लागतो.

पुढे धंद्यातला सगळ्यात बोलका आकडा येतो, तो म्हणजे परसिस्टन्सी. विकलेल्या पॉलिसींपैकी किती अजून चालू आहेत, हे तो सांगतो. भारतात तो १३, २५, ३७, ४९ आणि ६१ व्या महिन्याला मोजतात. तेरावा महिना अशासाठी की पहिलं वर्ष संपून दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला की नाही, ते तिथे कळतं. मुलाखतीत शाखेची तेराव्या महिन्याची परसिस्टन्सी विचारा. टक्का चटकन सांगितला तर बसा. ‘ते नंतर ट्रेनिंगमध्ये कळेल’ असं उत्तर आलं तर चहा संपवून उठा.

पॉलिसी का पडतात, याची कारणं तशी साधी असतात आणि बरीचशी एजंटाच्या हातातली असतात. हप्ता कापण्याची तारीख पगाराच्या आधीची ठेवलेली असते. ती पगारानंतर दोन-तीन दिवसांनी ठेवावी. हप्ता कार्डावर लावलेला असतो आणि कार्डाची मुदत सात महिन्यांनी संपणार असते. बँक खात्यातून थेट कापणं केव्हाही चांगलं, आणि कार्डच असेल तर मुदतीचा महिना आपल्या वहीत हवा. ग्राहकाने होकार दिला तो समोरचा माणूस उठेना म्हणून, घरात कोणाला विचारलेलंच नसतं. अशी पॉलिसी फ्री लुकच्या, म्हणजे नापसंत पॉलिसी परत करण्याच्या सुरुवातीच्या, मुदतीतच परत येते. आणि सगळ्यात मोठं कारण, हप्ता जास्त असतो. महिन्याला ज्याच्या हातात २,००० उरतात त्याला १,८०० चा हप्ता गळ्यात मारला की ती पॉलिसी पडणार हे सही होतानाच ठरलेलं असतं. ८०० चा हप्ता सुचवणाऱ्या एजंटाचं कमिशन कमी दिसतं, पण वर्षभरानंतर ते त्याच्याच खात्यात असतं.

पॉलिसीची कागदपत्रं हाती आली की पंधरा मिनिटं बसून काय मिळतं आणि काय मिळत नाही, दोन्ही वाचून दाखवावं. दुसऱ्या हप्त्याच्या चार दिवस आधी फोन करावा, अकराव्या महिन्यात आणखी एक. या दोन फोनांना एक पैसा कमिशन नाही, आणि चार्जबॅक टाळण्याचा यापेक्षा स्वस्त उपायही नाही.

विक्रीच्या हिशेबात धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या एक सूत्र सांगतात: १०-३-१. चांगली दहा नावं, तीन भेटी, एक पॉलिसी. सूत्र खोटं नाही, फक्त त्याच्या दोन्ही टोकांना गळती आहे. त्या दहा जणांशी बोलणं होण्यासाठी चारांतला एक फोन उचलतो असं धरलं, तर चाळीस फोन लागतात. दुसऱ्या टोकाला फॉर्म भरला म्हणजे पॉलिसी झाली असं नाही. अंडररायटिंगमध्ये, म्हणजे कंपनी जोखीम तपासते तेव्हा, प्रस्ताव नाकारला जातो, साखर किंवा रक्तदाबामुळे हप्ता वाढतो आणि ग्राहक माघार घेतो, वैद्यकीय तपासणीला तो जातच नाही, नाहीतर पहिला हप्ताच परत येतो. महिन्याला चार चालू पॉलिसी हव्यात तर पाच-सहा प्रस्ताव आणि दोनशेच्या पुढे फोन असा तो मामला आहे. फॉर्मपासून पैसे हाती येईपर्यंत दोन आठवडे ते दोन महिने कितीही लागू शकतात. सहा महिन्यांची शिल्लक म्हणतात ती यासाठी.

फॉर्म अडतात ते फुटकळ गोष्टींवर: ओळखपत्र आणि बँक खात्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं, जन्मतारखेत फरक, हप्ता तिसऱ्याच्या खात्यातून भरलेला, नॉमिनीचं नातं रिकामं. ही फुटकळच. मोठी चूक म्हणजे आरोग्याच्या प्रश्नांवर न विचारता ओळीने ‘नाही’ लिहीत जाणं. अमेरिकेत साधारण पहिली दोन वर्षं, भारतात विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षं, चुकीच्या माहितीवरून कंपनी पॉलिसीला आव्हान देऊ शकते. दावा नाकारला गेला तर त्या घराच्या, आणि त्या घराला ओळखणाऱ्यांच्या, दारात एजंटाला पुन्हा उभं राहता येत नाही.

लायसन्स, परीक्षा, प्रशिक्षण हा भाग तुलनेने सोपा. थोडा अभ्यास केला की सुटतो.

लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकाचं नाव आणि नंबर, विकत घेणं हा मात्र खड्डा आहे. लीड तीन जातींची: फक्त तुम्हाला दिलेली, एकाच वेळी अनेकांना विकलेली आणि जुनी. अनेकांना विकलेल्या लीडवर पहिल्या काही मिनिटांत फोन गेला नाही, तर तो माणूस आधीच्या दोघा-तिघांना कंटाळून बसलेला असतो. जुनी लीड स्वस्त पडते, पण तिला आठ-दहा वेळा फोन करायची तयारी लागते. काही एजन्सी स्वतःच्याच एजंटांना लीड विकतात; तेव्हा पॉलिसी होवो न होवो, एजन्सीची कमाई झालेली असते. तिथे लीड घेण्याची सक्ती असेल तर सही करू नका. घ्यायच्याच असल्या तर आधी पंचवीस घ्या, चुकीच्या नंबरांचे पैसे परत मिळतात का ते लेखी घ्या, आणि लीडच्या किमतीऐवजी तेरा महिने टिकलेल्या एका पॉलिसीमागे किती खर्च आला ते मोजा. ‘फोन करू नका’ यादीतल्या नंबरावर फोन गेला तर दंडाची जबाबदारी कोणावर, हेही करारात पाहा.

मग येते ती दोनशे नावांची यादी. पहिल्याच आठवड्यात नातेवाईक, मित्र, जुने सहकारी यांची नावं लिहून मागतात. कारण उघड आहे: ओळखीतला माणूस तुमचा शब्द मोडत नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांचा धंदा तिथूनच येतो. पुढे नावं संपतात, एजंट गळतो आणि त्याच्या मामेभावाची पॉलिसी कंपनीकडे राहते. पगारच द्यायचा नसल्यामुळे एजंट गळण्याचं कंपनीला फारसं सुतक नसतं. शिवाय तुमच्या प्रत्येक पॉलिसीवर वरच्या मॅनेजरला ओव्हरराइड, म्हणजे त्याचा वेगळा हिस्सा, मिळत असतो. म्हणून ‘दोन वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी आज किती काम करतायत?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. ‘टॉपचा एजंट किती कमावतो’ हे ते न विचारताच सांगतील. आणि दुसऱ्याच भेटीत विक्रीपेक्षा माणसं जोडण्याचं बोलणं सुरू झालं, तर खाली जोडलेल्यांची उणे शिल्लक तुमच्या खात्यावर येते का, ते कलम शोधा. काही करारांत येते.

महिनाअखेरच्या टार्गेटपायी तीन गोष्टी होतात. ग्राहक पहिल्या हप्त्यात सूट मागतो आणि एजंट खिशातून देतो. भारतात विमा कायद्याच्या कलम ४१ ने ही सूट बेकायदा ठरवली आहे, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतही तिच्यावर बंधनं आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी सूट घेऊन आलेला ग्राहक पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून सूट घ्यायला जातो आणि तुमचे सूट व कमिशन दोन्ही जातात. दुसरी गोष्ट, चालू पॉलिसी बंद करून नवी विकणं, कारण पहिल्या वर्षाचं कमिशन पुन्हा मिळतं. ग्राहकाचं वय वाढलेलं, हप्ता वाढलेला आणि कंपनीने आव्हान देण्याची ती दोन-तीन वर्षंही पुन्हा पहिल्या दिवसापासून. तिसरी गोष्ट, स्वतःच्या नावावर पॉलिसी घेऊन आकडा भरणं. परदेशवारीच्या स्पर्धेपायी ही हमखास होते. सहल चार दिवसांची, हप्ते वीस वर्षांचे.

खर्च सगळा आपला: फोन, प्रवास, लायसन्सचं नूतनीकरण, काही देशांत व्यावसायिक चुकीसाठीचा स्वतःचा विमा. कर कापूनच पैसे येतील या भरवशावर राहू नये. अमेरिकेत स्वतंत्र कंत्राटदार म्हणून १५.३ टक्के स्वयंरोजगार कर प्राप्तिकराखेरीज भरावा लागतो. आलेल्या कमिशनचा चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात आणि वसुलीसाठी आणखी दहावा हिस्सा, असं ठेवणारे टिकतात.

मग अडीच गुण कशाचे? रिन्युअलचे, म्हणजे पॉलिसी पुढच्या वर्षी चालू राहिली की मिळणाऱ्या कमिशनचे. मोटार, आरोग्य, दुकानाचा विमा यांत पहिल्या वर्षी टक्का कमी, पण दर वर्षी जवळपास तेवढाच मिळतो. दीडशे-दोनशे घरं ग्राहक म्हणून जोडली गेली की जानेवारीत वर्षाची कमाई साधारण दिसायला लागते. आयुर्विम्याबरोबर हा धंदा करू देणारा करार असेल तर तो निवडावा. फक्त ते रिन्युअल कोणाच्या मालकीचं, हे वाचा. काही करारांत ते ठरावीक वर्षांनंतरच एजंटाचं होतं, काहींत करार संपला की त्याच दिवशी थांबतं, आणि काहींत वर्षाकाठी किमान धंदा केला तरच चालू राहतं. दुसऱ्या एजन्सीत जाताना आधीच्याची लेखी मोकळीक लागते का आणि ती नाकारली तर किती महिने थांबावं लागतं, तेही तिथेच सापडेल. करार संपतो त्या दिवशी पोर्टलचं लॉगिन बहुधा बंद होतं. म्हणून दर महिन्याचं कमिशन स्टेटमेंट पहिल्या महिन्यापासून स्वतःकडे उतरवून ठेवा. थकबाकीचा वाद झाला तर तुमच्या हातात तेवढाच कागद असतो.