सेक्स सॉर्टेड सिमेन: कालवडीला चालेल, उलटणाऱ्या गाईला नको

होल्स्टीन संकराचा गोऱ्हा आता कुणाला नको असतो, म्हणून सेक्स सॉर्टेड सिमेनची, म्हणजे मादी वासरू व्हावं म्हणून निवडलेल्या वीर्याची, ही कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) गोठ्यागोठ्यात पोचली. '90 टक्के कालवड' हा तिचा दावा, आणि तो खरा आहे. मादी देणाऱ्या एक्स गुणसूत्राच्या शुक्राणूत नर देणाऱ्या वायपेक्षा सुमारे 3.8 टक्के जास्त डीएनए असतो. शुक्राणूंना रंगद्रव्य लावून लेसरखाली हा फरक मोजतात आणि त्यावरून निवड करतात. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला लॉरेन्स जॉन्सन यांच्या गटानं 1989 मध्ये सशांवर हे करून दाखवलं होतं.

मात्र 90 टक्के जन्मलेल्या वासरांपैकी, भरवलेल्या जनावरांपैकी नव्हे. विकताना नेमकं हेच गाळलं जातं. साध्या कांडीत साधारण 2 कोटी शुक्राणू असतात, हिच्यात बहुधा 20 ते 40 लाख, तेही एवढ्या सोपस्कारातून गेलेले. त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाण कमी. समजा, साध्या कांडीनं दहापैकी पाच राहिल्या, तर कालवडी अडीच. हिच्यानं चारच राहिल्या तरी साडेतीनच्या वर. हिशोब जमतो, पण निरोगी आणि माजाचं चक्र नियमित असलेल्या जनावरातच. दोन-तीनदा उलटलेल्या (भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आलेल्या) किंवा बळस, म्हणजे माजातला चिकट स्राव, गढूळ असलेल्या गाईला ही कांडी म्हणजे पैसे पाण्यात. पहिली पसंती 250 ते 280 किलोच्या संकरित कालवडीला. मादी वासरू अंगानं लहान, त्यामुळे पहिलं वेतही सोपं जातं.

वेळेत बहुतेकांची चूक होते. सकाळी माज तर संध्याकाळी भरवा, हा नियम इथे थोडा लवकरचा ठरतो. हे शुक्राणू गर्भाशयात कमी काळ टिकतात, म्हणून दुसरीला अंगावर घेऊन गाय स्थिर उभी राहू लागल्यापासून 16 ते 24 तास धरा. संध्याकाळी 6 ला माज दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी 10 नंतर. भरवणारा मात्र स्वतःच्या फेरीच्या सोयीनं येतो. त्याला आदल्या रात्रीच वेळ बजावून ठेवा.

मग त्याच्या हाताकडे बघा. नायट्रोजनच्या टाकीतून कांडी चिमट्यानं उचलायची, कांड्या ठेवलेला कप टाकीच्या मानेच्या वर आणायचा नाही. कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 ते 45 सेकंद. पाणी थर्मामीटरनं मोजलेलं हवं, बोट बुडवून नाही. बाहेर काढल्यावर कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. त्यानंतर 10 ते 15 मिनिटांत आत सोडली पाहिजे. शर्टाच्या खिशात कांडी वितळवणारा असेल तर साधीच भरून घ्या.

आणखी एक: कांडी मादी देते, दूध नव्हे. वळूच्या आईचं दूध आणि त्याच्या मुलींच्या नोंदी विचारा. नुसत्या रंगीत फोटोवर भुलू नका. कांडीवर छापलेला वळू क्रमांक लगेच वहीत उतरवा, म्हणजे दोन वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्याच मुलीला पडणार नाही.