जुन्या डब्यात कार्ड, की डबाच नवा? पंचवीस हजारांचा हिशेब

इंदूरला रामबागेत ताईकडे एक डेस्कटॉप आहे. भाऊजींच्या ऑफिसने संगणक बदलले तेव्हा जुने कर्मचाऱ्यांना स्वस्तात दिले, त्यातला एक. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५-४५९० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि ग्राफिक्स कार्डाच्या नावाने शंख. गेल्या दिवाळीत भाच्याकडे पंचवीस हजार जमले. थोडे शिकवण्या घेऊन मिळालेले, थोडे आजोबांनी दिलेले. त्याने मला विचारलं, "मामा, यातच कार्ड टाकू, की हा विकून नवीन बांधू?"

हाच प्रश्न मला वर्षातून चार जण तरी विचारतात आणि डबाही साधारण असाच असतो. म्हणून त्याच्यासाठी केलेला हिशेब इथे मांडतोय. आकडे त्या दिवाळीतले, आम्हाला सांगितलेले. तुम्ही बाजारात जाल तेव्हा ते वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

भाड्याच्या घरात आपण फरशी बदलत नाही, पंखा मात्र चांगला घेतो, कारण घर सोडताना पंखा काढून नेता येतो. जुना डेस्कटॉप हे भाड्याचं घर. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण) आणि चांगला एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा) हे पंखे, उद्या दुसऱ्या कॅबिनेटमध्ये जातील. डीडीआर३ रॅम आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर ही फरशी, ती तिथेच राहणार. पुढची प्रत्येक तुलना मी याच मोजमापाने केली आहे.

खर्चाआधी एक फुकटची परीक्षा. नेहमीचा खेळ लावा, एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा, आकडा बघा, मग रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. आकडा झपकन वर गेला तर अडलंय ते ग्राफिक्सपाशी. जेमतेम हलला तर प्रोसेसर धापा टाकतोय आणि महागडं कार्ड लावूनही फार काही होणार नाही. भाच्याच्या मशीनवर आकडा चांगलाच वाढला, म्हणजे पहिला दोष ग्राफिक्सचा. पण कार्ड आल्यावर प्रोसेसर कुठे अडेल, हे त्यातून कळत नव्हतं. म्हणून मी घरचं जुनं जीटीएक्स १६५० कार्ड पिशवीत घालून रामबागेत नेलं आणि एक संध्याकाळ त्याच्या मशीनमध्ये लावलं.

व्हॅलोरंट मजेत चाललं. जीटीए ५ मध्ये मात्र गंमत दिसली. डोंगराकडे गाडी नेली की कार्ड पूर्ण राबायचं. शहरात शिरून वेग घेतला की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जायचा, कार्ड सत्तरच्या आसपास रेंगाळायचं आणि चित्र मधूनच अडखळायचं. चार कोर, चारच थ्रेड (म्हणजे एका वेळी चारच कामं) आणि मागे क्रोम व डिस्कॉर्ड उघडे. क्रोम बंद केल्यावर अडखळणं निम्म्यावर आलं. ही उघड्या क्रोमची गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

आता पहिला रस्ता, जुन्या डब्यातच कार्ड. इथे पसंतीआधी एसएमपीएस बघावा लागतो. आम्ही कॅबिनेट आडवं घातलं, बाजूचा पत्रा सरकवला, धुळीचा थर ब्रशने काढला तेव्हा कुठे स्टिकर दिसला: २९० वॅट. त्यातून मदरबोर्डाला जाणारी पिन नेहमीची २४ टोकांची नव्हती, ८ टोकांची होती. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसच्या मशिनांत असं बऱ्याचदा असतं. याचा अर्थ बाजारातला कुठलाही एसएमपीएस आणून सरळ जोडता येत नाही, मध्ये अडॅप्टरची वायर लागते. कार्डासाठी वेगळी ६ किंवा ८ पिनची वायर तर त्यात नव्हतीच.

राहिली ती फक्त स्लॉटमधूनच वीज घेणारी कार्डं. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात आणि तेवढ्यात भागणारी कार्डं मोजकी आहेत. जीटीएक्स १०५० टीआय २०१६ चं, ४ जीबी. जीटीएक्स १६५० २०१९ चं, तेही ४ जीबी. आरएक्स ६४००, ५३ वॅटचं. आणि आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा अवतार, २०२४ च्या फेब्रुवारीत आलेला, ७० वॅटचा.

१०५० टीआय आता नको. एनव्हिडियाने त्या पिढीसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर काढणं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबवलं, यापुढे फक्त सुरक्षेपुरते अपडेट येतील. १६५० पुढच्या पिढीचं, त्यामुळे त्यातून वाचलं. जुनं, चांगल्या स्थितीतलं सहा-सात हजारांत मिळत असेल तर ज्याचं बजेटच दहा हजार आहे त्याने डोळे मिटून ते घ्यावं. मात्र १६५० चे काही नमुने ६ पिनची वायर मागतात, तेव्हा विकत घेताना कार्डाची वरची कड बघा.

आरएक्स ६४०० वर मोहून जाऊ नका. दिसायला छोटं आणि गरीब बिचारं, पण ते स्लॉटच्या चारच लेन वापरतं. नव्या बोर्डावर ते चालून जातं. चौथ्या पिढीच्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस ३.० असल्याने रस्ता निम्मा होतो, आणि ४ जीबी भरले की गाडी तिथेच अडकते. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही. ज्याला आपला खेळ रेकॉर्ड करून मित्रांना दाखवायचाय त्याच्या ते कामाचं नाही.

मग उरलं ३०५० चं ६ जीबी. यात एक गोम आहे. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्डही आहे, १३० वॅटचं, २५६० कोरचं. आपलं हे २३०४ कोरचं, मेमरीचा रस्ताही अरुंद, १२८ ऐवजी ९६ बिटांचा. नाव एक म्हणून जोर एक नाही, आणि ८ जीबीवाल्याच्या चाचण्या बघून ६ जीबीवालं घेणारा नक्की हिरमुसतो. पण वायर न लावता, जुन्या एसएमपीएसवर, डीएलएसएससकट (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारी एनव्हिडियाची सोय) चालणारं दुसरं नवं कार्ड या भावात आमच्या बघण्यात आलं नाही. आम्हाला भाव सांगितला सतरा हजारांच्या आत.

दुसरा रस्ता, बूडच बदलायचं. आय३-१२१०० एफ, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा बरा एसएमपीएस आणि कॅबिनेट. जुनं कॅबिनेट बहुधा कामी येत नाही, कारण त्या मशिनांच्या पुढच्या बटणाच्या वायरी आणि मागची पट्टी त्यांच्याच बोर्डाच्या मापाची असते. सिल्व्हर मॉलमध्ये दोन-तीन ठिकाणी विचारलं, बेरीज पंचवीसच्या आसपासच घुटमळत होती, आणि त्यात कार्ड नव्हतं. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरात अंगचं ग्राफिक्स नसतं. म्हणजे पैसे संपले आणि पडदा काळा. एका दुकानदाराने अगदी आपुलकीने सुचवलं, "भिया, कार्ड अगले महीने ले लेना." पुढच्या महिन्यापर्यंत पोराने कॅबिनेटच्या दिव्यांकडे बघत बसायचं का?

कार्ड नंतर घ्यायचं असेल तर एफ नसलेला आय३, नाहीतर एएमडीचा रायझन ५ ५६००जी. या दुसऱ्यातलं अंगचं ग्राफिक्स व्हॅलोरंटसारख्या खेळांना पुरतं, फक्त रॅमच्या दोन पट्ट्या हव्यात, कारण ते ग्राफिक्स रॅमच्याच जिवावर चालतं. पण 'जी' नसलेल्या ५६०० शी त्याची बरोबरी नाही: एल३ कॅशे (प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस ३.०. पुढे मोठं कार्ड लावायचं ठरलेलं असेल तर हा फरक जाणवतो.

या रस्त्याने मिळतं काय? चारच कोर असले तरी आय३-१२१०० ला आठ थ्रेड आहेत आणि एकेका कोरचा जोर जुन्या आय५ च्या कितीतरी पुढे. शहरातलं ते अडखळणं जातं. विंडोज ११ रीतसर बसतं. चौथ्या पिढीवर ते अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा हा मुद्दा आता नुसता कागदोपत्री राहिलेला नाही. एम.२ एसएसडी लावता येते. आणि पुढे आरएक्स ६६०० सारखं १३२ वॅटचं, ८ जीबीचं कार्ड आलं की ते पूर्ण जोराने चालतं.

तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असेल आणि जीव व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये अडकला असेल, तर हाच रस्ता धरा. हे खेळ कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त खातात. भाच्याचा मॉनिटर ६० हर्ट्‌झचा आहे. एफपीएस दोनशे झाले तरी पडद्यावर सेकंदाला साठच चित्रं उमटणार.

या दोन रस्त्यांच्या मधून एक पायवाट जाते आणि बरेच जण तिथेच घसरतात: जुना बोर्ड, जुना प्रोसेसर, पण नवा एसएमपीएस, अडॅप्टरची वायर आणि वापरलेलं मोठं कार्ड. आरएक्स ५८० नेहमी डोळ्यांत भरतं, ८ जीबी आणि भाव मातीमोल. पण ते १८५ वॅटचं आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग थांबल्यावर अशी कार्डं ढिगाने बाजारात आली, त्यातली किती वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापली असतील ते कुणी सांगत नाही. त्यात '२०४८ एसपी' नावाचा प्रकार म्हणजे ५८० चं नाव लावलेलं जवळजवळ ५७०.

याच पायवाटेवर मी स्वतः आपटलोय. काही वर्षांपूर्वी, खोक्यावर ठसठशीत '४५० वॅट' लिहिलेला एक स्वस्त एसएमपीएस घेतला. खेळ सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला मशीन बंद, रोज. कार्डाला दोष दिला, विंडोज नव्याने टाकलं, आठवडा गेला. मग स्टिकरवरची बारीक अक्षरं वाचली. १२ व्होल्टच्या रांगेत १५ अँपिअर. बारा पंधरे १८०. प्रोसेसर आणि कार्ड याच रांगेवर जगतात, म्हणजे त्यांच्या वाट्याला १८० वॅट. तेव्हापासून मी खोकं वाचतच नाही, ही गुणाकाराची ओळ वाचतो. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला चाळीसच्या पुढे अँपिअर दिसतात.

यूपीएसचंही तसंच. घराघरांतला ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. वीज गेली तर मोठ्या कार्डासकट चाललेला खेळ तो सावरेलच असं नाही, बॅटरी जुनी असेल तर नाहीच. ७० वॅटच्या कार्डाला तो पुरतो. आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की गच्चीखालच्या खोलीत १८५ वॅटचं कार्ड लावलेलं कॅबिनेट, ज्याला मागे एकच पंखा, किती भाजतं ते त्या खोलीत बसल्याशिवाय कळायचं नाही. ताई त्या खोलीत पापड वाळत घालते, यावरून अंदाज घ्या.

तुमच्याकडे एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड असेल, म्हणजे रायझन ३ ३२००जी वगैरे, तर हा सगळा घोळ तुम्हाला लागू नाही. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर ५६०० चा पाठिंबा बघा, आधी बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, मग प्रोसेसर बदला. बोर्ड तोच, रॅम तीच, आणि उरलेला पैसा कार्डाला. या बाबतीत त्या घराला फरशीसुद्धा बदलून मिळते.

जुन्या बोर्डावर वापरलेला आय७-४७७० बसवावा का, हेही विचारतात. सॉकेट तोच, थ्रेड चारचे आठ होतात, दोन-तीन हजारांत मिळतो. माझ्या मोजमापाने ही फरशीच, पण इतकी स्वस्त की हिला सतरंजी म्हणू. अंथरायला हरकत नाही, फक्त आधी क्रोम बंद करून भागतंय का ते बघा. डीडीआर३ ची दुसरी पट्टीही सतरंजीच. आम्हाला ८ जीबीची वापरलेली हजाराच्या आत मिळाली, आणि एकाऐवजी दोन पट्ट्या झाल्याने रॅमचा रस्ताही दुप्पट रुंद झाला. नव्या रॅमचं विचारू नका. दिवाळीनंतर भाव असे चढले की ज्यांनी 'नंतर बघू' म्हणून बूड बदलणं पुढे ढकललं ते आजही बघताहेत.

भाच्याने शेवटी पहिला रस्ता घेतला: ३०५० चं ६ जीबी, रॅमची ती पट्टी आणि ५०० जीबीची साटा एसएसडी. एसएसडीने एफपीएस वाढत नाहीत, पण खेळ उघडायला लागणारा वेळ आणि नवा भाग समोर येतानाचे हिसके कमी होतात. पहिल्यांदा लावलं तेव्हा पडदा कोराच राहिला आणि पोराचा चेहरा उतरला. मॉनिटरची वायर बोर्डालाच लावलेली होती. ती कार्डाच्या मागे लावली आणि चित्र आलं.

बेरीज एकवीस हजारांच्या जरा खाली थांबली. नव्या एसएमपीएसचा श्रीगणेशा म्हणून उरलेले चार हजार ताईने कपाटात ठेवलेत. भाचा दर रविवारी त्यांची चौकशी करतो.