जुन्या डिझेल ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि प्रेशर गेजचा संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब मोजायचा संच घेऊन आता बरेच महिने झाले. संचात काट्याचे दोन गेज आहेत, एक १०० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) आणि एक ३०० पीएसआयचा. सोबत लांब रबरी नळ्या आणि पितळी जोडण्या येतात. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) आणि मल्टिमीटर माझ्याकडे आधीपासून होतेच. जुना डिझेल ट्रक चालवणाऱ्यांपैकी बहुतेक जण आधी स्कॅनर घेतात आणि गेजचा विचारच करत नाहीत. मला हा क्रम उलटा वाटतो, आणि का वाटतो तेच इथे सविस्तर लिहितोय.

माझ्या ट्रकचा गिअरबॉक्स चार गिअरचा, जुन्या धाटणीचा आहे. पहिले तीन गिअर निव्वळ तेलाच्या दाबावर बदलतात. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा, गव्हर्नर नावाच्या वॉल्व्हचा दाब एका बाजूने रेटतो, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलने ठरणारा थ्रॉटलचा दाब दुसऱ्या बाजूने, आणि ज्याचा जोर जास्त त्याप्रमाणे गिअर बदलणारा शिफ्ट वॉल्व्ह सरकतो. कॉम्प्युटरच्या ताब्यात फक्त ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, आणि टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप. कन्व्हर्टर इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देतो, आणि लॉकअप लागलं की दोन्ही घसरण न होता थेट जोडले जातात. म्हणजे निम्मा कारभार असा आहे, जो स्कॅनरला दिसतच नाही.

तक्रारी दोन होत्या. दुसऱ्यातून तिसरा गिअर उशिरा पडायचा, तोही धक्का देऊन. आणि सपाट रस्त्यावर चौथ्यात एका वेगाने चाललं की टॅकोचा (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरचा) काटा उगाचच दोन-तीनशे फेऱ्यांनी वर-खाली व्हायचा. ज्याला विचारावं तो म्हणायचा, क्लच प्लेटी गेल्या, गिअरबॉक्स उतरवा. स्कॅनरमध्ये एकही कोड नव्हता.

गेज लावायच्या आधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली म्हणजे तेल. गाडी चांगली तापलेली, इंजिन चालू आणि गिअरचा दांडा मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी. काही गिअरबॉक्समध्ये ही पातळी पार्कमध्ये बघतात, काहींमध्ये न्यूट्रलमध्ये. माझा न्यूट्रलवाला, कारण पार्कमध्ये त्याच्या कन्व्हर्टरकडे तेल जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनाची ताकद. डिझेल फिल्टर तुंबला असेल तर गाडी ओढत नाही, आपण पाय जास्त दाबतो, थ्रॉटलचा दाब वाढतो आणि गिअर आपोआप उशिरा पडतात. दोष इंधनाचा आणि बदनामी गिअरबॉक्सची, असं जुन्या डिझेलमध्ये फार होतं.

आता मूळ मुद्दा. गिअरबॉक्सच्या अंगावर दाब मोजायची भोकं असतात, त्यांवर स्क्रूसारखे छोटे प्लग बसवलेले असतात. प्लग काढायचा, पितळी जोडणी लावायची आणि नळी बाहेरून फिरवून केबिनमध्ये घ्यायची. नळी सायलेन्सरच्या पाइपपासून आणि फिरत्या शाफ्टपासून लांब बांधायची, यात हयगय नको, कारण तिच्यात गरम तेल दाबाखाली असतं. आटे सील करायला टेफ्लॉनची टेप अजिबात वापरू नका. तिचे तंतू आत गेले की वॉल्व्ह बॉडीत, म्हणजे सगळे वॉल्व्ह असलेल्या भागात, अडकतात. थोडंसं द्रव सीलंट पुरतं.

इंजिन गरम, न्यूट्रल, आयडलला. मुख्य लाइनचा दाब मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा चांगलाच जास्त दिसला. दाब कमी असता तर पंप झिजला, फिल्टर तुंबला किंवा आतली सीलं गळतात असा संशय घेता आला असता. थंड असताना दाब बरोबर आणि तापल्यावर घसरतो, तर तो अशा गळतीचाच पुरावा. पण जास्त दाब? मग मी गाडीखाली सरकलो आणि गिअरबॉक्सवरचा थ्रॉटलचा लिव्हर बोटाने मागे, त्याच्या विश्रांतीच्या जागेकडे रेटला. बाहेरून सोबती काटा वाचत होता. लिव्हर जेमतेम काही मिलिमीटर मागे गेला आणि काटा झर्रकन उतरून मॅन्युअलच्या आकड्यावर आला. सोडला की पुन्हा वर. इंजिनाच्या डिझेल पंपाजवळच्या लिव्हरची बुशिंग झिजलेली होती आणि केबल ताणलेलीच राहत होती, त्यामुळे पाय उचलला तरी गिअरबॉक्सला वाटायचं की अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबलेलाच आहे. बुशिंग बदलली, केबल पुन्हा जुळवली, तिसरा गिअर वेळेवर आणि मऊ पडायला लागला. केबल उलट्या बाजूला, म्हणजे सैल जुळवली गेली तर जास्त धोका. मग दाब कमी पडतो, गिअर लवकर आणि छान मऊ पडतात, आणि त्या मऊपणात क्लच घसरून जळतात.

मग गव्हर्नरच्या भोकावर १०० चा गेज लावला. या जातीच्या गिअरबॉक्समध्ये ताशी एक मैल वेगाला साधारण एक पीएसआय असा हिशेब धरतात, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला पन्नासच्या आसपास. गाडी थांबली की काटा जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो येत नसेल तर गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्येच सुटते. माझा बरोबर आला. गव्हर्नरच्या तपासणीला ३०० चा गेज लावून उपयोग नाही, त्यावर हे लहान आकडे नीट वाचता येत नाहीत. उलट रिव्हर्समधला दाब इतका चढतो की १०० चा गेज बिघडेल. दोन्ही लागतात.

वर-खाली होणाऱ्या टॅकोचं कारण मात्र गेजने सांगितलं नाही, फक्त दिशा दाखवली. दाब स्थिर होता आणि फेऱ्या हलत होत्या. एका वेगात चालताना डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श केला, तर लॉकअप सुटून फेऱ्या नेमक्या तेवढ्याच वाढायच्या. म्हणजे चौथा गिअर घसरत नव्हता, लॉकअप लागत-सुटत होतं, आणि ते ठरवतो कॉम्प्युटर. कॉम्प्युटर बघतो थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा व्होल्टेज. इथे मल्टिमीटर कामी आला. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजले. अल्टरनेटरचे डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) चांगले असतील तर हा आकडा नगण्य असतो. ०.१ व्होल्टच्या वर गेला की मी संशय घेतो, आणि इथे तो बराच वर होता. खात्रीसाठी बॅटरीची अर्थ काढून अल्टरनेटरची जाड वायर सोडवली, टोक नीट गुंडाळलं, फील्डचा प्लग काढला, बॅटरी पुन्हा जोडली. दिवे-पंखा बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर छोटी फेरी मारली. टॅकोचा काटा हलला नाही! फुटलेल्या डायोडमधून येणारी खरखर सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळत होती आणि कॉम्प्युटरला वाटायचं पाय सारखा हलतोय. अल्टरनेटर दुरुस्त झाला आणि तक्रार संपली. यासाठी अख्खे गिअरबॉक्स उतरवले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता संचातले दोष. गेजमध्ये ग्लिसरीन नाही, त्यामुळे आयडलला डिझेलच्या थरथरीने काटा नाचतो. नळीत बारीक भोकाचा स्नबर बसवला तेव्हा शांत झाला. डायल अंधारात दिसत नाही. एका नळीचं रबर तापून टोकाशी कडक झालंय, ती बदलावी लागेल. जोडण्यांचे आटे मात्र नेटके कापलेले आहेत, आणि दर वेळी लावण्याआधी बघतो तेव्हा दोन्ही काटे शून्यावर बसलेले असतात. पूर्ण इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स असेल, उदाहरणार्थ जीएमचा ४एल८०-ई किंवा फोर्डचा ई४ओडी, तर स्कॅनर आधी लागेल, कारण तिथे गिअर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे वॉल्व्ह, बदलतात. पण सोलेनॉइडला हुकूम मिळाला आणि गिअर पडला नाही, तर पुढचं पुन्हा गेजच सांगणार.

पुढची खरेदी तापमानाच्या गेजची. त्याचा सेन्सर पॅनमध्ये बसवायचा की कूलरकडे जाणाऱ्या गरम लाइनमध्ये, यावर मतं दोन आहेत. पॅनमधला आकडा शांत असतो, पण कन्व्हर्टर चढावर तापला की ते आधी कळतं लाइनमध्ये. मी ट्रकला ट्रेलर लावतो, म्हणून लाइनमध्येच बसवणार आहे.