फ्युएल पंपाची घरगुती तपासणी: मल्टीमीटर की प्रेशर गेज?

सेल्फ मारूनही पेट्रोल गाडी सुरू होत नसेल, तर संशय टाकीतल्या इलेक्ट्रिक फ्युएल पंपावर जातो. तो घरी तपासायचा असेल, तर मी आधी मल्टीमीटरच (व्होल्टेज मोजणारे उपकरण) सुचवीन, कारण त्यासाठी पेट्रोलची नळी उघडावी लागत नाही. अनेक हॅचबॅक गाड्यांत पंपाचा कनेक्टर मागच्या सीटखाली असतो. चावी ‘ऑन’ केल्यावर पंप सहसा 2-3 सेकंदच चालतो आणि तेवढ्या वेळात तिथे जवळपास बॅटरीइतके, म्हणजे सुमारे 12 व्होल्ट मिळायला हवेत. मोजमाप कनेक्टर जोडलेला ठेवूनच घ्यावे, कारण भार नसताना गंजलेली तारसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. व्होल्टेज नसेल, तर फ्यूज, रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) आणि अर्थिंग पाहावे. पंप बदलण्याची घाई करू नये.

मात्र वीज पोहोचली म्हणजे पेट्रोल पुरेशा दाबाने पुढे जाते असे नव्हे, आणि ते केवळ पेट्रोलच्या नळीला जोडलेला प्रेशर गेज (दाबमापक) दाखवतो. पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल सिलिंडरबाहेर हवेच्या वाटेत फवारणाऱ्या, बऱ्याच गाड्यांत 3 ते 4 बार दाब अपेक्षित असतो. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. पंप थांबताच दाब झपाट्याने उतरला, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), रेग्युलेटर (दाब नियंत्रित करणारा भाग) किंवा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) गळत असू शकतो, हे मल्टीमीटरला कधीच कळणार नाही. परंतु गेज जोडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून, सेल्फ मारून लाइनमधला दाब उतरवावा, काम उघड्यावर, थंड इंजिनवर आणि अग्निशामक जवळ ठेवून करावे. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीच्या उच्चदाब नळीला घरी हात लावू नये.